पावणेचार फुटांचे आबा

टेम्पोचा मागचा फाळका खाली पडला आणि रिसालदार एकेक पाय जपून टाकत लालासाहेबांच्या अंगणात उतरला. उंचापुरा तांबूस घोडा, कपाळावर पांढरा पट्टा, वय सतरा. त्यानं आधी गोठा बघितला, मग दोन म्हशी बघितल्या, मग लालासाहेबांना बघितलं. यांपैकी कशाबद्दलच त्याचं फारसं चांगलं मत झालेलं दिसलं नाही. त्यानं गुमान उसाच्या वाढ्यात तोंड घातलं.

"याचं नाव रिसालदार," घोड्याबरोबर सांगलीहून आलेले डॉक्टर सुमंत म्हणाले. सुमंत जनावरांचे डॉक्टर होते आणि सांगलीत त्यांचा घोडेस्वारीचा क्लास होता. "फौजेतूनच निवृत्त झालाय, तुमच्यासारखा. उड्यांच्या स्पर्धा खेळलेला आहे. दीड महिना ठेवा, तुमची स्पर्धा झाली की परत द्या. आणि नाव बदलू नका. दुसऱ्या नावानं हाक मारली तर वळूनसुद्धा बघत नाही."

लालासाहेबांचा उजवा हात आपोआप वर निघाला होता. तो त्यांनी कसाबसा कपाळापाशी अडवला आणि टोपी सारखी केल्यासारखं केलं. बावीस वर्षं फौजेच्या घोडदळात काढून ते दफेदार म्हणून घरी आले होते, आणि रिसालदार म्हणजे दफेदाराच्या दोन पायऱ्या वरचा. आपल्याच गोठ्यात आपलाच वरिष्ठ येऊन बांधला जावा, हे त्यांना जरा लागलं.

"ठोका की सलाम, लाजताय कशापायी?" सोप्यातनं त्यांची बायको मनुबाई म्हणाली.

मनुबाईला असं बोलायचा अधिकार होता, कारण लालासाहेबांबद्दलचं खरं काय ते गावात तिला एकटीलाच माहीत होतं. गावाला जे माहीत होतं ते निराळं होतं. गावाच्या लेखी लालासाहेब म्हणजे समोर येईल त्यावरून घोडा उडवणारा गडी. दरवर्षी सव्वीस जानेवारीला शाळेत त्यांना पहिल्या ओळीत खुर्ची असे, आणि हेडमास्तर भाषणात त्यांच्या उडीची उंची दरवर्षी अर्ध्या फुटानं वाढवून सांगत. लालासाहेबांनी ती कधी दुरुस्त केली नाही.

खरी गोष्ट अशी होती, की निवृत्तीच्या वर्षी शेवटच्या स्पर्धेत एका रुंद, दोन आडव्या बारांच्या अडथळ्यापुढे त्यांचा घोडा ऐनवेळी थांबला. घोडा अलीकडे राहिला आणि दफेदार पलीकडे गेले. खांद्याचं हाड दीड महिन्यात जुळलं. बाकी आत जे काही मोडलं, ते जुळलं नाही. उरलेली नोकरी त्यांनी खोगिरं पुसण्यात काढली, गावात येऊन "घोडं दमलं व्हतं" एवढंच सांगितलं आणि सात वर्षं घोड्याच्या जवळपासही गेले नाहीत. घोड्याचं सोडा, शेतातल्या पाटावरून उडी मारायची वेळ आली तरी ते लांबच्या फरशीच्या पुलावरून वळसा घालून येत आणि वर "तिकडचा बांध बघायचा व्हता" म्हणत.

मग रहिमतपूरच्या अश्वप्रेमी मंडळानं स्पर्धा जाहीर केली. त्यात पंचेचाळीशीपुढच्या जुन्या स्वारांसाठी एक वेगळी फेरी होती: पाच अडथळे, उंची अडीच फूट. लालासाहेबांनी ही बातमी सलूनमध्ये तीनदा वाचली. अडीच फूट म्हणजे काही फार नव्हे. इथं जमलं नाही तर आता कुठंच जमायचं नाही. एकदा, फक्त एकदा, एकही बार न पाडता सगळी फेरी पुरी करायची, मग दाढी करताना आरशातल्या माणसाच्या डोळ्याला डोळा देता येईल, एवढीच त्यांची मागणी होती. आणि हे होईपर्यंत गावात कुणाला कळता कामा नये, हीसुद्धा.

ऊस तुटून गेलेल्या मोकळ्या रानात सराव सुरू झाला. पहिला आठवडा ठिबकची नळी जमिनीवर आडवी टाकलेली होती आणि रिसालदार तिच्यावरून चालत जात होता. मनुबाई भाकरी घेऊन आली ती कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"हे वलांडायला घोडं लागतंय व्हय?" ती म्हणाली. "आवं, आपली कोंबडी वलांडती की."

"सुरवात आशीच आसती," लालासाहेब खोगिरावरून म्हणाले. तोंड तिला दिसू नये म्हणून त्यांनी घोडा उगाच आडवा फिरवला.

दुसऱ्या आठवड्यात नळी उपड्या घमेल्यांवर चढली, तिसऱ्या आठवड्यात टोमॅटोच्या क्रेटवर. सुमंत फोनवरून सांगत होते, "अडथळ्याकडे बघू नका. पलीकडे बघा. तुम्ही खाली बघितलंत की घोड्यालाही वाटतं, खाली काहीतरी आहे." रिसालदाराला ते सांगावं लागत नव्हतं. लालासाहेब नीट बसले की तो उडी मारी. त्यांनी श्वास कोंडला की तो थांबे, मान वळवून मागे बघे आणि त्यांचं आवरेपर्यंत वाट बघे. अखेर एका सकाळी अडीच फुटांवरून तो असा गेला, की लालासाहेबांना पलीकडे पोचल्यावर कळलं. घरी येताना त्यांनी पाटावरून उडी मारली. चप्पल पाण्यात पडली, पण माणूस पलीकडे गेला. मागून येणाऱ्या मनुबाईनं तिथल्या तिथं तोंडाला पदर लावला आणि डोळे पुसले.

एवढ्यावर सगळं राहिलं असतं तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. पण घोड्याच्या त्या उडीच्या वेळी बांधावर शिवतेज उभा होता. शिवतेज हा लालासाहेबांचा पुतण्या आणि गावच्या युवा मंचाचा अध्यक्ष. मंचात अध्यक्ष आठ होते आणि सदस्य तीन. मंचाचं मुख्य कार्य म्हणजे फ्लेक्स लावणं.

दुसऱ्या दिवशी एसटी स्टँडसमोर दहा बाय पंधराचा फ्लेक्स झळकला. 'आंतरराष्ट्रीय कीर्तीचे अश्वारोही मा. लालासाहेब यांचे देदीप्यमान विजयाबद्दल हार्दिक अभिनंदन!' मधोमध लालासाहेब उधळलेल्या पांढऱ्या घोड्यावर बसले होते. चित्र मोबाईलवरच्या कुठल्याशा ॲपनं काढलेलं असल्यामुळे घोड्याला पाच पाय होते. पाचवा शुभेच्छुकांच्या फोटोंमागे बऱ्यापैकी झाकला होता.

"आरं, स्पर्धा व्हायचीय आजून!" लालासाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं.

"तात्या, झाल्यावर समदंच लावत्यात. मग आपल्यात आन् त्येंच्यात फरक काय ऱ्हायला?"

"आन् हरलो म्हंजी?"

"त्येची काळजीच सोडा. 'विजयाबद्दल'च्या जागी 'यशस्वी सहभागाबद्दल' आशी पट्टी छापूनच घेतलीया. चिकटवायची फकस्त."

फ्लेक्स बघून अश्वप्रेमी मंडळ खूश झालं आणि शिवतेजला त्यांनी प्रायोजक आणायचं काम दिलं. शिवतेज त्याच दिवशी तालुक्यातले जुने पुढारी नाथाजीआबा यांच्याकडे गेला आणि दुसऱ्या दिवशी नवे पुढारी राजवर्धनदादा यांच्याकडे. दोघांचं एकमेकांशी विळ्याभोपळ्याचं सख्य. पहिला अडथळा आबांच्या सौजन्यानं ठरला, पाचवा दादांच्या. अडथळ्याच्या खाली पाटी, पाटीवर हात जोडलेला फोटो. हे बघून आणखी पाचजण उठले आणि पाचाचे सात अडथळे झाले.

चार दिवसांनी शिवतेज गोठ्यात आला. लालासाहेब घोड्याला खरारा करत होते.

"तात्या, जंप जरा वर घेतलाय. तीन फूट."

"कशापायी?"

"अडीच फुटात आबांचा फोटू बसंना. जोडल्याल्या हातापतूर आबा येत्यात आन् खालचं कटत्यात. आबा म्हणालं, मी काय अडीच फुटाचा हाय व्हय रं?"

लालासाहेबांचा खरारा थांबला. दोन दिवसांनी शिवतेज पुन्हा आला, तेव्हा दादांच्या माणसांनी आबांचा तीन फुटी अडथळा बघून आपला सव्वातीन करून घेतला होता. त्यावर आबांच्या माणसांनी साडेतीन केला. "आमच्या आबास्नी चाळीस वर्सांचा अनुभव हाय, त्यो दादापेक्षा बुटका कसा?" असा त्यांचा सवाल होता. बाकीच्या पाच जणांनी म्हटलं, आम्हीच का खाली? पंच म्हणून पुण्याहून येणाऱ्या निवृत्त कर्नलसाहेबांना फोन गेला. ते कडाडले, "पावणेचारच्या वर एक इंच जरी गेलात तर मी येणार नाही!" मंडळानं याचा अर्थ असा घेतला, की पावणेचारपर्यंत साहेबांची परवानगी आहे.

"म्हंजी आता समदी पावणेचार?" लालासाहेबांनी विचारलं.

"समदी. पन मग दादांचं लोक म्हणालं, बरोबरी झाली तर आमी वरचढ कुठं ऱ्हायलो? उंची वाढवता येत न्हाई तर रुंदी वाढवा. दादांचं कार्य व्यापक हाय. मग पाचव्याला दोन बार लावलं. म्होरं एक, मागं एक, मदी चार फूट जागा. झ्याक दिसतंय बगा."

लालासाहेब तिथंच वाढ्याच्या पेंढीवर बसले. दोन बारांचा रुंद अडथळा. सात वर्षांपूर्वीचा तोच, फक्त या खेपेला हात जोडून हसणारा. त्या संध्याकाळी ते रानातून घरी आले ते फरशीवरून, वळसा घालून.

पुढच्या आठवड्यात शिष्टमंडळं सुरू झाली. आधी आबांची माणसं आली. सोप्यात पाचजण बसले, चहा प्याले आणि मुद्द्यावर आले.

"दफेदार, आबांचा बार पडता कामा न्हाई. निवडणूक तोंडावर हाय. आबा पडलं आसा व्हिडिओ फिरला तर काय इज्जत ऱ्हायली?"

"पाडायचा कुणाला आसतोय?" लालासाहेब म्हणाले.

"तसं न्हवं. दादांचा पडला तर आमचं काय म्हणणं न्हाई."

दुपारी दादांची माणसं आली आणि हेच, नावं बदलून, बोलून गेली. संध्याकाळी दोन्हीकडचे थोडे थोडे मिळून आले, कारण आता एक नवीनच प्रश्न निघाला होता. बार नाही पडला, तरी घोडा जाणार कुठून? फोटोच्या वरून. म्हणजे आबांच्या आणि दादांच्या डोक्यावरून खुर घेऊन. हे शोभतं का?

"मंग आसं करा," त्यांच्यातला एक शहाणा म्हणाला, "घोडं जंपापतूर पळवत न्या, थांबवा, खाली उतरून नमस्कार घाला आन् बाजूनं वळसा मारून म्होरच्या जंपाला जावा. मान बी ऱ्हाईल, स्पर्धा बी हुईल."

खरं सांगायचं तर हे ऐकून लालासाहेबांच्या जिवात जीव आला. सात वर्षं ज्याला ते शोधत होते ते अखेर त्यांच्या सोप्यात येऊन बसलं होतं: न उडण्याचं एक मानाचं कारण. माणसं गेल्यावर त्यांनी मोठ्या गंभीरपणे मनुबाईला सांगितलं, "मी काय म्हणतो, गावात तेढ नको. गावाच्या भल्यासाठी आपुन माघार घ्यावी."

मनुबाई ताक घुसळत होती. तिनं रवी थांबवली नाही.

"गावाचं भलं सात वर्सं करतायच की. फरशीवरनं जाऊन."

"तसं न्हवं गं..."

"मग कसं?"

लालासाहेबांनी फिरत्या रवीकडे बघितलं. मग हळू आवाजात म्हणाले, "मला भ्या वाटतंय."

सात वर्षांत हे वाक्य त्या घरात पहिल्यांदाच उच्चारलं गेलं. मनुबाईनं रवी ठेवली, हात पुसले आणि त्यांच्यासमोर येऊन बसली.

"मग आसं म्हणा की. भ्या वाटतंय तर वाटू दे. मला काय त्येचं कमीपण न्हाई. पन त्या आबाला आन् दादाला मदी घालू नगासा. तुमचं भ्या तुमचं हाय, ते त्येंच्या नावावर करू नगा."

लालासाहेबांना एकदम हलकं वाटलं, आणि त्याच वेळी भयंकर राग आला. तो आबांचा होता, दादांचा होता की स्वतःचा, हे त्यांना कळेना. पण माघारीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी नऊची वेळ होती. रहिमतपूरबाहेरच्या मैदानात मांडव, खुर्च्या, स्पीकर, वर घिरट्या घालणारा ड्रोन, सगळं वेळेवर हजर होतं. फक्त प्रमुख पाहुणे नव्हते. जुन्या स्वारांच्या फेरीत तिघांची नावं होती. विट्याहून आलेले एक निवृत्त जमादार ते सात पावणेचार फुटी चेहरे बघून आले आणि त्यांचा गुडघा दुखू लागला. साताऱ्याचे एक वकील होते, त्यांना एकाएकी एक तारीख आठवली. उरले लालासाहेब. पाहुणे दहाला आले नाहीत, अकराला आले नाहीत. 'साहेब निघालेत' एवढीच बातमी दर पंधरा मिनिटांनी येत होती. रिसालदार उन्हात उपाशी उभा होता आणि लालासाहेब त्याच्या लगामाला धरून पाचव्या अडथळ्याकडे बघायचं टाळत होते.

बाराला कर्नलसाहेबांचा संयम सुटला. "मी फौजेत कुणाची तीन तास वाट बघितलेली नाही, इथंही बघणार नाही," असं म्हणून त्यांनी दाणकन घंटा वाजवली. लालासाहेब मैदानात शिरले, सलामी दिली आणि घोडा गोल फिरवून पहिल्या अडथळ्याकडे वळवला.

नेमका त्याच वेळी रस्त्यावर सायरन वाजला. दोन दिशांनी दोन ताफे आले, आबांचा आणि दादांचा, आणि कुणाचं स्वागत आधी यावरून गेटवर झुंबड उडाली. खुर्च्या रिकाम्या झाल्या. वाद मिटवायला तिऱ्हाईत माणूस हवा, म्हणून मंडळाच्या दोघांनी कर्नलसाहेबांचे दोन दंड धरले, "साहेब, हार तुमच्या हस्ते!" म्हणत त्यांना जवळजवळ उचलून नेलं. ड्रोनसुद्धा वळला.

लालासाहेबांना यातलं काही दिसलं नाही. त्यांना आबा दिसत होते. आबा हात जोडून हसत मोठे मोठे होत गेले, मग लालासाहेबांना आठवलं, की बघायचं पलीकडे. त्यांनी मान वर केली आणि खालून आबा निघून गेले. दुसरा गेला. तिसऱ्याला टाच किंचित उशिरा लागली, रिसालदारानं ती चूक स्वतःच्या अंगावर घेतली आणि अडथळा पार केला. चौथ्यानंतर वळण होतं आणि वळणापलीकडे दादा होते, चार फूट रुंद. थांबवू का, असं लालासाहेबांनी मनाला विचारलं. मनानं काही सांगायच्या आत घोड्यानं तीन टापा घेतल्या आणि जमीन सुटली. मग जमीन परत आली. मग सहावा आला, मग सातवा, आणि सातव्यावरून जाताना लालासाहेब मोठ्यांदा काहीतरी ओरडले. ते शब्द इथं लिहिण्यासारखे नाहीत, पण आनंदाचे होते.

फेरी संपली. एकही बार पडला नव्हता. त्यांनी घोडा थांबवला, त्याच्या मानेवर थोपटलं आणि टाळ्यांसाठी मांडवाकडे बघितलं. तिकडे नुसत्या पाठी दिसत होत्या. सगळ्या गर्दीची तोंडं गेटकडे होती. मैदानाच्या कडेला एकटी मनुबाई डब्याची पिशवी छातीशी धरून उभी होती.

वीस मिनिटांनी कर्नलसाहेब गळ्यात दोन हार घेऊन परतले. लालासाहेब त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले.

"सर, फेरी पुरी. फॉल्ट शून्य."

"मी बघितली नाही, दफेदार," कर्नलसाहेब कष्टी होऊन म्हणाले. "घंटा मी दिली, हे खरं. पण मला इथून नेलं."

"बार बगा की सर. समदं जाग्यावर हाईत."

"न उडताही ते जागेवरच राहतात. एखादा पडला असता तर काहीतरी पुरावा झाला असता."

बिनचूक काम केल्याची खूण मागे काही राहत नाही, हा त्यातला घोटाळा लालासाहेबांना आयुष्यात पहिल्यांदा कळला. "पुन्हा फेरी घ्याल का?" कर्नलसाहेबांनी संकोचून विचारलं, आणि लालासाहेबांच्या तोंडून "घेतो की!" असं इतकं चटकन निघालं, की ते स्वतःच चकित झाले. भीती कुठं गेली म्हणून त्यांनी पोटात चाचपून बघितलं. तिथं फक्त भूक होती.

दरम्यान स्वागताचे बरेच हार उरले होते. ते वाया का घालवा, म्हणून शिवतेजच्या पोरांनी सजावटीसाठी सातही अडथळ्यांवर, फोटोंना नीट बसतील असे, झेंडूचे टपोरे हार घातले. आबा व्यासपीठावर बसले, घाम पुसला, समोर बघितलं आणि त्यांना हार घातलेला आपला फोटो दिसला. त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"कुणी घातला रं त्यो?" ते पुटपुटले. "मी जित्ता हाय आजून!"

दोघे कार्यकर्ते हार काढायला धावले, पण तेवढ्यात दुसरी घंटा झाली होती आणि कर्नलसाहेब गरजले, "मैदानात कुणीही शिरायचं नाही!" लालासाहेब ताठ बसून, समोर नजर ठेवून दौडत आले. सगळा तालुका बघत होता. आणि आबांच्या फोटोच्या पुढ्यात येऊन रिसालदार थांबला. भिऊन नव्हे. तीन तास उपाशी असलेल्या घोड्यानं ताजा झेंडू बघितला होता. त्यानं मान खाली घातली, आबांच्या गळ्यातला हार ओढला आणि उभ्या उभ्या खाऊ लागला.

एकदा अडला, अशी नोंद झाली. लालासाहेबांनी घोडा मागे घेऊन पुन्हा आणला. रिसालदार आनंदानं आला, कारण निम्मा हार राहिला होता. दोनदा अडला की बाद, असा नियम होता. कर्नलसाहेबांनी घंटा वाजवली आणि स्पीकरवरून जाहीर झालं, की मा. लालासाहेब पहिल्याच अडथळ्यावर बाद.

आबा मात्र उठून उभे राहिले होते. "मुक्या जनावरानं माझं गंडांतर खाल्लं!" असं म्हणत ते खाली उतरले आणि आपली शाल त्यांनी घोड्याच्या पाठीवर घातली. ते बघून दादांच्या माणसांनी हट्ट धरला, की आमच्या दादांचाही हार याच घोड्यानं खाल्ला पाहिजे. मग रिसालदाराला सन्मानानं एकेका अडथळ्यापाशी नेण्यात आलं. चौथ्या हारानंतर त्यानं तोंड फिरवलं, त्यामुळे दादा फार चिंतेत पडल्याचं दुसऱ्या दिवशी ऐकायला आलं.

दिवस मावळायला लालासाहेबांच्या सोप्यात माणसं सांत्वनाला जमली. सगळे हळू आवाजात बोलत होते. कुणी केळी आणली होती.

"तात्या, खचू नका," शिवतेज म्हणाला. "आत्मविश्वास आसा एकदम जातोय माणसाचा. सांगलीत एक सर हाईत, तीन दिवसाचं शिबिर घेत्यात. मी नाव घालतो तुमचं."

"घाल," लालासाहेब केळं सोलत म्हणाले. ते इतके मजेत दिसत होते, की धक्क्यानं माणसाचं असंच होतं, असं दोघांनी एकमेकांच्या कानात सांगितलं. सात वर्षं हा माणूस आतून मोडलेला होता, तेव्हा यातल्या प्रत्येकानं त्याला हार घातला होता.

मनुबाईला राहवलं नाही. "आवं, मारली की त्येंनी फेरी. तुमी तिकडं गेटाला मिठ्या मारत व्हता तवा. सातीच्या साती जंप. मी बघितलं ह्या डोळ्यानं."

सगळ्यांनी तिच्याकडे फार मायेनं बघितलं. "वैनी, तुमच्यासारखी बायको मिळायला नशीब लागतंय," एकजण गहिवरून म्हणाला, आणि माणसं एकेक करून उठली.

सगळे गेल्यावर मनुबाई कप गोळा करू लागली. लालासाहेब भिंतीला टेकून बसले होते.

"कशाला सांगाय गेलीस त्यास्नी?"

"मग? बघितलं ते बघितलं."

"समदं बघितलंस?"

मनुबाईनं हातातला कप खाली ठेवला. "त्यो पाचवा तेवढा न्हाई. त्येच्या म्होरं आलासा आन् मी डोळं गच्च मिटून घेतलं. पडल्याचा आवाज आला न्हाई, मग उघडलं."

लालासाहेबांनी आवाज खाली आणला. "आता कुठं बोलू नगंस. मी बी मिटलं व्हतं."

"आगं बाई! मग पाचवा मारला कुणी?"

"त्यो रिसालदारानं मारला. पयलं चार बी त्येनंच सांभाळून नेलं. सहावा आन् सातवा माझा."

"तवा डोळं उघडं व्हतं?"

"टक्क."

मनुबाईनं कप पुन्हा उचलले.

"मग दोन लय झालं," ती म्हणाली.